ध्वज परक्याचा, श्रम भारताचे

सरसेनापती दाभाड्यांच्या तळेगावातून समुद्र दिसत नाही. तरीही जवळच्या इंदुरीतील तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूटमध्ये शेकडो तरुण नौकानयनाचे शिक्षण घेतात. शिक्षण भारताचे, श्रम भारताचे. पुढे अनेकांच्या डोक्यावर फडकतो तो मात्र पनामा, लायबेरिया वा बहामाचा ध्वज! झगमगत्या क्रूझ जहाजांचीही हीच कथा. कारभार अमेरिकेतून, बहुतांश प्रवासी अमेरिकेचे आणि ध्वज बहामाचा. असे का?

आरंभ 1922 चा. अमेरिकेत दारूबंदी होती. जहाजावर मद्य विकता यावे म्हणून ‘रिलायन्स’ व ‘रेझोल्यूट’ या अमेरिकी प्रवासी जहाजांनी पनामाचा ध्वज स्वीकारला. पुढे करसवलत, स्वस्त मनुष्यबळ व सैल कामगार कायदे यांची चटक लागली. खोल समुद्रात जहाजावर ध्वजराष्ट्राचाच कायदा चालतो. म्हणून जो कमीत कमी प्रश्न विचारील, त्याचा ध्वज अधिक सोयीचा. लायबेरियाच्या जहाजनोंदणीचा कारभार तर अमेरिकेतील व्हर्जिनियातून चालतो. जहाज व ध्वजराष्ट्र यांत खरे नाते असावे, ही 1982 च्या सागरी कायदा कराराची अट कागदावरच राहिली. जगाला मानवी हक्कांचे पाठ देणाऱ्यांचा हा व्यवहार!

त्याची किंमत कोण मोजतो? 2024 मध्ये मालकांनी पगाराविना वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत सर्वाधिक भारतीय होते. 25 मे 2025 रोजी कोचीजवळ बुडालेले ‘एमएससी एल्सा 3’ लायबेरियाच्या ध्वजाचे होते; पोट बुडाले ते केरळच्या मच्छीमारांचे.

कान्होजी आंग्रे यांच्या दस्तकावाचून कोकण किनाऱ्यावर व्यापारी जहाज निर्धास्त फिरकत नसे. 5 एप्रिल 1919 रोजी वालचंद हिराचंद व त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा ब्रिटिश मक्तेदारीला आव्हान मिळाले. आज त्याच देशाचा परदेशी व्यापार बव्हंशी परक्या जहाजांतून चालतो.

दोष केवळ परक्यांचा नाही. करांच्या ओझ्याने आपल्याच जहाजमालकांना परक्या ध्वजाखाली लोटले गेले. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने जहाजबांधणी व सागरी क्षेत्रासाठी 69,725 कोटी रुपयांची योजना मंजूर केली, हे स्वागतार्हच. परंतु जहाज भारतात बांधून त्यावर परका ध्वज चढला, तर स्वदेशीचा अर्थ काय उरला? तिरंग्याखाली नोंदणी परवडली पाहिजे आणि परक्या ध्वजाखालील भारतीय खलाशालाही भारतीय शासनाचा आधार लाभला पाहिजे.

ध्वज हे कापड नव्हे. संकटात आपल्यामागे कोण उभे राहील, याचे ते वचन आहे. मुलाला समुद्रावर धाडणाऱ्या प्रत्येक घराने हे वचन राज्यकर्त्यांकडून मागून घ्यावे.