दूधसागराची एक दिवसाची सहल



पावसाळा सरला, भाताची कापणी आटोपली, की घरोघरी मुलांचा एकच धोशा सुरू होतो, "यंदा आपण कोठे जायचे?" बेळगाव व खानापूर भागांतील कित्येक कुटुंबे ३ डिसेंबरला जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला जातात. त्यांची वाट रामनगर, अनमोड घाट व मोले ह्या गावांवरूनच जाते. तेव्हा परतीच्या प्रवासात एक दिवस मोडून दूधसागर धबधबा पाहावा, असे मनात येणे स्वाभाविकच आहे. एका भगिनीने ह्याच बाबतीत सल्ला विचारला आहे. तिच्या घरी सात वर्षांपासून सत्तर वर्षांपर्यंतची माणसे आहेत आणि खर्चाला मर्यादा आहे. तिला द्यावयाचे उत्तर इतरांसही उपयोगी पडेल, म्हणून ते येथे सविस्तर देत आहे.

प्रथम जागेची ओळख करून घेऊ. गोव्याच्या पूर्व सीमेवर सह्याद्रीच्या पायथ्याशी भगवान महावीर अभयारण्य आहे. १९६९ साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले व त्याच्या गाभ्यातील सुमारे १०७ चौरस किलोमीटर प्रदेशास १९७८ साली मोले राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. ह्या अरण्यात गवा, बिबट्या, शेकरू, नागराज अशा प्राण्यांची वस्ती आहे. मात्र ते आपल्याला दिसतीलच, अशी आशा मुलांना लावून ठेवू नये. गाड्यांची घरघर व माणसांचा गोंगाट ऐकून शहाणे जनावर रानात आत निघून जाते. ह्याच रानाच्या कडेला, गोवा व कर्नाटक ह्यांच्या सीमेवर, मांडवीचे पाणी सुमारे ३१० मीटर उंचीवरून चार टप्प्यांनी खाली कोसळते. तोच दूधसागर.

आता केव्हा जावे, हे पाहू. भर पावसात धबधब्याचे रूप खरोखर भव्य असते, पण त्या दिवसांत कुळे गावाहून जाणारी जीपची वाट बंद असते, कारण ती वाट ओढ्यांच्या पात्रांतून जाते. पाऊस ओसरल्यावर, साधारणपणे ऑक्टोबरपासून, ती उघडते व उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत चालते. एप्रिल-मेमध्ये पाण्याची धार बारीक होते. म्हणून नोव्हेंबर व डिसेंबर हे महिने कुटुंबासाठी उत्तम. रविवार व सुटीचे दिवस शक्य तर टाळावेत, कारण त्या दिवशी जीपसाठी तासन् तास रांगेत तिष्ठत राहावे लागते आणि लहान मुले धबधबा दिसण्यापूर्वीच थकून जातात. रविवारीच जाणे भाग असेल, तर पहाटेच्या मिस्साची सोय कोठे होईल, ते आदल्या दिवशीच ठरवून ठेवावे.

पणजीहून मोले सुमारे ६० किलोमीटर आहे व मोल्याहून कुळे अगदी जवळ आहे. सकाळी आठच्या सुमारास कुळ्यास पोचेल, अशा बेताने निघावे. स्वतःची गाडी तेथेच ठेवून पुढे जीपने जावे लागते. एका जीपमध्ये सात माणसे घेतात. त्यामुळे सातांचा गट जमवला, तर कोणा अनोळखी माणसाची वाट पाहत बसावे लागत नाही. भाड्याचे दर व तिकिटाची पद्धत हंगामागणिक बदलते. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि जीपचे भाडे, उद्यानाचे प्रवेशशुल्क व लाइफ जॅकेटचे भाडे असे तिन्ही खर्च वहीत वेगवेगळे मांडावेत. रोख पैसे जवळ असावेत, कारण रानात मोबाइलचा भरवसा धरता येत नाही.

जीपची वाट दगडधोंड्यांची आहे आणि ती संपल्यावर खडकांवरून काही अंतर पायी चालावे लागते. ज्यांची कंबर वा गुडघे दुखतात त्यांनी, गरोदर भगिनींनी व तान्ह्या मुलांच्या मातांनी हा हट्ट धरू नये. पायांत घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे असावीत. जेवण कुळ्यास परतल्यावरच करावे. पिशवीत खाण्याचा वास आला, की माकडे ती हिसकावून नेतात. प्लास्टिकच्या पिशव्या व मद्य ह्यांना उद्यानात थारा नाही. रानातील फूल, दगड वा पिसे, काहीही उचलून आणू नये.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लेखणी हाती घेतली, ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीतील चार कुटुंबे दूधसागरास गेली होती. मीही त्यांत होतो. धबधब्याखाली एक डोह आहे. त्याच्या काठी माझा चौदा वर्षांचा भाचा इतर मुलांबरोबर पाण्यात पाय सोडून बसला होता. अंगावरचे लाइफ जॅकेट टोचते म्हणून त्याने ते काढून खडकावर ठेवले. थोड्या वेळाने तो उठला आणि शेवाळ्यावरून पाय घसरून पाण्यात पडला. पाणी अतिशय थंड, तळ कोठे आहे ते कळत नव्हते आणि वरून पडणाऱ्या पाण्याचा ओढ त्याला आत नेत होता. आमच्या जीपचा चालक जवळच होता. त्याने काठावरचे ते जॅकेट मुलाकडे भिरकावले, मग स्वतः उतरून त्याला ओढून काढले. सगळा प्रकार एका मिनिटाचासुद्धा नसेल. त्या मिनिटानंतर माझी बहीण कितीतरी वेळ एक शब्दही बोलली नाही.

परतताना मी प्रत्येकाला विचारले, "मुलाकडे कोण पाहत होते?" मुलाच्या वडिलांना वाटले, मामा पाहत आहे. मला वाटले, त्याचे वडील पाहत आहेत. आम्ही आठ वडीलधारी माणसे तेथे होतो आणि आठांच्या भरवशावर तो मुलगा एकटा होता.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे. घरातून निघण्यापूर्वीच प्रत्येक मुलाचा हात एका मोठ्या माणसाकडे सोपवावयाचा, "हा तुमचा, ही माझी" असे सर्वांदेखत म्हणून. त्या माणसाला क्षणभर दूर जावयाचे असेल, तर त्याने मुलाला दुसऱ्याच्या हाती देऊन मगच जावे. जीपमधून उतरताना अंगावर चढलेले जॅकेट परत जीपमध्ये बसेपर्यंत काढावयाचे नाही. पोहता येणाऱ्यांसही हा नियम लागू आहे. आणखी एक ध्यानात ठेवावे. खाली ऊन असले, तरी घाटमाथ्यावर पाऊस झालेला असू शकतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या वा आवाज वाढला, की तत्काळ काठ सोडून उंच जागी यावे. छायाचित्रासाठी थांबू नये.

काही तरुण मंडळी रुळांवरून चालत धबधब्याकडे जातात. तेथील घाटातील रेल्वे १८८८ च्या सुमारास सुरू झाली. तिच्या मार्गावर अनेक बोगदे आहेत. त्यांत गाडी आली, तर बाजूला व्हावयास जागा मिळेलच असे नाही. २०२३ च्या जुलै महिन्यात दक्षिण पश्चिम रेल्वेने लोकांना विनंती केली, की दूधसागर व ब्रागांझा घाटातील स्थानकांवर उतरू नये, रुळांवरून चालू नये. तो रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे. आपल्या मुलांना हे स्पष्ट सांगावे.

मग घरच्या आजीने काय करावे? ज्यांना जीप सोसणार नाही, त्यांना घेऊन एकाने मोल्याहून सुमारे १२-१३ किलोमीटरवरील तांबडी सुर्ला येथे जावे. तेथे अरण्यात कदंबकाळातील काळ्या दगडाचे महादेवाचे मंदिर उभे आहे. गोव्यातील फार जुन्या मंदिरांपैकी ते एक आहे. तेथे आजही पूजा चालते, म्हणून पादत्राणे बाहेर काढावीत व आवाज हळू ठेवावा. शेजाऱ्याच्या पूज्यस्थानी जसे वागावे, तसेच वागावे.

माझ्या आईला मात्र धबधबाच पाहावयाचा होता. "सगळ्यांनी पाहिला, मीच तेवढी राहिले," असे ती म्हणे. मग पुढच्या ऑक्टोबरात मी तिला लोंढ्याहून दिवसाच्या गाडीने कुळ्यास नेले. घाट उतरताना गाडी दूधसागराच्या अगदी समोरून जाते. तिने खिडकीची सळई धरून पाहिले, तोंडावर तुषार आले ते पदराने पुसलेसुद्धा नाहीत. खाली उतरण्याची गरज पडली नाही. तिकीटही थोडक्यात झाले.

म्हणून भगिनी, बेत जरूर करा. कोण जीपने, कोण देवळाकडे, कोण रेल्वेने, हे आधी घरात बसून ठरवा. आणि सायंकाळी घरी परतल्यावर पहिले काम करा, ते म्हणजे माणसे मोजण्याचे. सकाळी जितकी निघाली, तितकीच हसतमुखाने उंबरठ्याच्या आत आली, तर तुमची सहल सफल झाली असे समजा.