दहावीच्या तोंडावर नको, तिसरीतच तपासा!

नाशिकमधील आईवडिलांनो, शिक्षकांनो,

दरवर्षी दिवाळी सरली की दहावीच्या काही घरांत एक धावपळ सुरू होते. पोर तोंडी सगळे सांगते, कागदावर मात्र उतरत नाही, हे आठ-नऊ वर्षे साऱ्यांना दिसत असते. बोर्डाचा अर्ज भरायची वेळ आली की कोणीतरी सुचवते, "अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र काढा, जादा वेळ मिळेल." मग रुग्णालयाच्या चकरा, तारखा, झेरॉक्स. ही सवलत महाराष्ट्राने १९९६ पासून दिली, आणि तेव्हा ती मोठीच गोष्ट होती. पण परीक्षेतली जादा मिनिटे कोणाला वाचायला शिकवत नाहीत. शिकवायची वर्षे तोवर हातची गेलेली असतात.

आमचे म्हणणे एवढेच आहे: या मुलांना तिसरीत शोधा, शाळेत शोधा, आणि शोधण्याचे काम पालकांच्या गळ्यात घालू नका.

ही मुले लपलेली नसतात. घ आणि ध, भ आणि म यांत दुसरी संपली तरी गोंधळ होतो. काना, मात्रा, वेलांटी गळते. जोडाक्षर आले की वाचन थांबते. फळ्यावरचे उतरवताना ओळच्या ओळ सुटते. आणि हेच पोर गोष्ट ऐकवायला सांगितली तर वर्गाला गुंग करते! बुद्धी शाबूत असते. अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड घालताना मेंदू अडखळतो. त्याला पद्धतशीर, सावकाश, रोजचा वेगळा सराव लागतो. आपण त्याला देतो काय? 'ढ', 'आळशी', 'लक्षच नसतं' ही नावे, आणखी एक शिकवणी, आणि अजूनही कित्येक वर्गांत छडी. मुलाला मारणे, त्याचा मानसिक छळ करणे याला शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने बंदी आहे, हे स्टाफरूमच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

अतिचंचल मुलाची गत तीच. तो निदान दिसतो तरी. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली, कोणाला त्रास न देणारी, अवधान न टिकणारी मुलगी तर कोणाच्या लेखीच नसते.

सातवी-आठवीपर्यंत हा अपमान साचतो. सोमवारी सकाळी पोट दुखते, दप्तर दिसले की रडू येते, चिडचिड, दांड्या, खोलीचे दार बंद. तेव्हा आपण वयाला आणि मोबाईलला दोष देऊन मोकळे होतो. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. लहानांचे चित्र २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. देशातली पाच ठिकाणे, त्यांतले एक आपल्या शेजारचे उत्तर गोवा. २ ते ९ वर्षांच्या साधारण आठ मुलांमागे एकाला मेंदूच्या विकासाशी संबंधित कोणता ना कोणता विकार होता. आपल्या मुलाच्या वर्गातली पटसंख्या आठवा आणि हिशेब करा.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमता, स्वमग्नता यांना २१ दिव्यांगत्वांत धरले. कलम १६ सांगते, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि शिकवण्यात त्यावर उपाय करा. कलम १७ सांगते, दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण करा, पहिले दोन वर्षांच्या आत. ही जबाबदारी सरकारची आणि स्थानिक प्राधिकरणांचीही, म्हणजे इथे नाशिक महानगरपालिकेची आणि जिल्हा परिषदेची. कायदा १९ एप्रिल २०१७ ला अमलात आला. दोन वर्षे २०१९ मध्येच संपली. नाशिक जिल्ह्याचे सर्वेक्षण तालुकावार आकड्यांसह लोकांसमोर मांडा, ही आमची पहिली मागणी.

साधने नाहीत असे सांगू नका. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी मराठीत आहे आणि तिचा पहिला टप्पा वर्गशिक्षकाने करायचा आहे. सरकारी निकषांनुसार पक्के निदान आठव्या वर्षापासून, म्हणजे तिसरीपासून करता येते. मात्र पेठ, सुरगाण्यात तपासणी करताना एक भान ठेवा. ज्याच्या घरात कोकणा बोलली जाते, त्या पोराला पुस्तकी मराठी परकी वाटली तर तो आजार नव्हे. त्याच्या माथी विकाराचा शिक्का मारणे हाही तितकाच अन्याय. आदिवासी विकास आयुक्तालय याच शहरात आहे. आश्रमशाळांसाठी मुलांच्या बोलीतून तपासणी उभी करणे त्यांचे काम आहे.

माणसे? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक शाळांसाठी दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण घालून दिले. राज्य सरकारने २०२४ मध्ये ४,८६० विशेष शिक्षकांची पदे मंजूर केली, केंद्रामागे एक. एका केंद्रात कितीतरी शाळा येतात. तो एक शिक्षक फिरणार कधी आणि शिकवणार कधी?

रजनीताई लिमये यांनी १९७७ साली याच गावात बौद्धिक अक्षम मुलांसाठी प्रबोधिनीची शाळा काढली, तेव्हा पाठीशी ना असा कायदा होता ना चाचणी. आज म्हसरूळला राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, जिल्हा रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. सिंहस्थासाठी हजारो कोटींचे आराखडे होतात. व्हावेत, आमचा विरोध नाही. पण त्याच शहराच्या अंदाजपत्रकात पालिका शाळांतल्या तिसरीच्या मुलांच्या तपासणीसाठी स्वतंत्र तरतूद आम्हाला दिसली पाहिजे. ही आमची दुसरी मागणी.

आणि तुमच्यासाठी एक काम. तुमच्या मुलाच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असेल, तर शिक्षण हक्क कायद्याने तिचे ७५ टक्के सदस्य पालक असतात. पुढच्या सभेत विचारा: तिसरीच्या किती मुलांची तपासणी झाली, किती जणांना रोजचा वेगळा सराव मिळतो, शिक्षकांना प्रशिक्षण कधी मिळाले? प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्या. खासगी शाळा असेल तर हेच मुख्याध्यापकांना लेखी विचारा. उत्तर आले नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना, शहरात पालिकेच्या शिक्षण विभागाला अर्ज द्या, वर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ आणि १७ यांचा उल्लेख करा आणि पोच घेऊनच बाहेर पडा. मूल फार खचलेले दिसत असेल तर अर्जाच्या उत्तराची वाट पाहू नका; टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो.

— नाशिकमधील काही पालक आणि शिक्षक