अंगण खरोखरीच वांकडें असेल तर?

‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण आपल्या घरांतून इतकी रुळलेली आहे कीं, कोणीं एखाद्या वस्तूविषयीं तक्रार केली म्हणजे ती ऐकणाराच्या ओंठांवर आपोआप येते. शेगडी नीट पेटत नाहीं असें घरांतील सून म्हणाली, तर दोष शेगडीचा कीं सुनेचा, याचा निवाडा बहुधा आधींच झालेला असतो. या म्हणींत शहाणपण नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्या हातची चूक दुसऱ्याच्या माथीं मारण्याची खोड मनुष्यस्वभावांत आहेच. परंतु तीच म्हण जेव्हां लक्षावधि मोटारी विकणारा कारखानदार आपल्या गिऱ्हाइकांस ऐकवूं लागतो आणि तिच्या आड एखादें धोक्याचें यंत्र रस्त्यावर तसेंच फिरत राहतें, तेव्हां ती कोणाच्या तरी जिवावर बेतते. अंगण वांकडें असूं शकतें. तें तसें आहे हें ओळखावें कसें आणि ओळखल्यावर गृहस्थानें करावें काय, याचा विचार या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विषयास निमित्तही तसेंच आहे. एस्. यू. व्ही. या तीन अक्षरांनीं ओळखल्या जाणाऱ्या उंच, भारदस्त व ऐषारामी गाड्या आतां आपल्या सुशिक्षित कुटुंबांच्या दारांतही उभ्या राहूं लागल्या आहेत. गाडीची किंमत मोठी तेव्हां तिची सुरक्षितताही मोठी, असा एक भाबडा समज या खरेदीमागें पुष्कळदां असतो. पण महाग गाडींत नाविन्य अधिक असतें, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनें जें काम हात न पाहतां करीत आला, तेथेंच कधीं कधीं हें नाविन्य हात घालतें. तसें झालें म्हणजे काय होतें, याचा धडा अमेरिकेंतील जीप ग्रँड चेरोकी या गाडीच्या इतिहासांत मिळतो.

अमेरिकेंत बहुतेक मोटारींचे गियर आपोआप बदलतात. चालकाच्या हाताशीं एक दांडी असते. ती सरकवीत ‘पार्क’ या स्थानापर्यंत नेली म्हणजे गियरच्या पेटींतील एक खिटी दांत्यांत अडकते आणि गाडी जागच्या जागीं जखडली जाते. जुन्या पद्धतीची दांडी जेथें नेऊन ठेवावी तेथेंच राही. ती कोठें आहे हें डोळ्यांनीं पाहण्याचें कारण नसे, हातालाच तें कळत असे. २०१४ व २०१५ या सालांच्या ग्रँड चेरोकी गाड्यांना मात्र नव्या तऱ्हेची, विजेच्या संकेतावर चालणारी दांडी बसविण्यांत आली होती. ती पुढें ढकला अथवा मागें ओढा, हात काढतांच ती पुन्हा मध्यावर येऊन उभी राही. गाडी कोणत्या गियरांत आहे हें दांडीच्या जागेवरून समजण्याची सोय त्यामुळें उरली नाहीं. तें दांडीवरील आणि समोरच्या फलकावरील उजळलेल्या अक्षरांत वाचावयाचें. पार्कपर्यंत जाण्यास दांडी पुरेशी ढकलली गेली नाहीं, तर गाडी मधल्याच गियरांत, म्हणजे मागें जाण्याच्या किंवा मोकळ्या स्थितींत, राहून जाई; पण दांडी दिसावयाची तशीच.

याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. गाडी पार्कमध्यें घातली अशा समजुतीनें माणसें खालीं उतरत आणि गाडी त्यांच्या मागें चालूं लागे. दार उघडतांच घंटी वाजे व फलकावर सूचनाही उमटे, हें खरें. पण घरीं पोंचलेल्या, हातांत सामान व मनांत पुढचें काम असलेल्या माणसाला ती सूचना थांबवूं शकत नव्हती. मालकांचीं गाऱ्हाणीं सरकारच्या रस्ता-सुरक्षा खात्याकडे जाऊं लागलीं. ऑगस्ट २०१५ मध्यें खात्यानें प्राथमिक चौकशी आरंभिली. फेब्रुवारी २०१६ मध्यें ती अधिक कसून सुरू झाली, आणि तोंपर्यंत शंभराहून अधिक अपघातांची नोंद झाली होती. अखेर २२ एप्रिल २०१६ रोजीं फियाट क्रायस्लर कंपनीनें याच जातीची दांडी असलेल्या आपल्या इतर कांहीं मोटारींसह जगभरच्या सुमारें ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्याचें जाहीर केलें. त्या वेळीं जखमींचा आंकडा ४१ होता.

या प्रकरणांत कंपनीनें दिलेलें उत्तर आमच्या वाचकांनीं लक्षपूर्वक पाहावें. अपघातांत सांपडलेल्या गाड्या तपासल्या असतां त्यांत कोणताही भाग मोडलेला किंवा बिघडलेला आढळला नाहीं. गाडी पार्कमध्यें आहे अशी चालकांची चुकीची समजूत झाली, असें तिचें म्हणणें होतें. हें म्हणणें खोटें नव्हतें. खिटी शाबूत होती, दांते शाबूत होते, विजेची जोडणीही शाबूत होती. चूक चालकाच्याच हातून झाली होती. पण सरकारी खात्यानें याच्या पुढचा प्रश्न विचारला: ही चूक इतक्या माणसांकडून एकाच ठिकाणीं कां व्हावी? आणि उत्तर असें काढलें कीं, ही दांडी सहज उमगणारी नाहीं. गाडी कोणत्या गियरांत आहे याची पुरेशी जाणीव ती हातालाही देत नाहीं व डोळ्यांनाही देत नाहीं. सबब दोष रचनेंतच आहे.

आमच्या मतें या प्रकरणाचें सारें मर्म या एका प्रश्नांत आहे. जुन्या वाड्याच्या जिन्यांत एखादी पायरी इतर पायऱ्यांहून बोटभर उंच असली म्हणजे काय होतें, हें पुष्कळांस ठाऊक असेल. घरांत येणारा प्रत्येक पाहुणा तेथेंच ठेंचाळतो. पहिल्या पाहुण्यास आपण धांदरट म्हणतों, दुसऱ्यासही म्हणतों. पण दहावा माणूस त्याच पायरीवर अडखळला म्हणजे सुज्ञ यजमान गवंड्यास बोलावून आणतो. एकानें चूक केली तर ती त्याची. शेंकडों माणसांनीं एकाच जागीं एकच चूक केली तर ती जागेची. यंत्र ज्यांच्यासाठीं करावयाचें त्या माणसांना घाई असते, थकवा असतो आणि जुन्या सवयी असतात. हें सर्व धरून चालणें हा यंत्र घडविणाऱ्याच्या कर्तव्याचाच भाग होय.

गाड्या परत बोलाविल्याची घोषणा झाली म्हणजे धोका टळला, असेंही कोणीं समजूं नये. १९ जून २०१६ रोजीं आंतोन येल्चिन हा अवघ्या २७ वर्षांचा चित्रपट-नट लॉस एंजेलिस येथील आपल्या घराच्या उतरत्या वाटेवर मृत्यु पावला. त्याचीच २०१५ सालची ग्रँड चेरोकी घरंगळत येऊन त्याला विटांचा खांब व कुंपण यांच्यामध्यें चिरडून गेली होती. घोषणेस त्या वेळीं दोन महिने होत आले होते. चालक उतरूं लागतांच गाडीनें आपण होऊन पार्कमध्यें जावें, अशी दुरुस्ती ठरलीही होती. पण ती सर्व मालकांपर्यंत पोंचावयाची होती. पुढें त्याच्या आईबापांनीं कंपनीवर दावा लाविला व २०१८ मध्यें तो आपसांत मिटला. एकुलत्या एका मुलाच्या जागीं कोणतीही तडजोड काय पुरी पडणार? जाहीर केलेली दुरुस्ती आणि झालेली दुरुस्ती यांमध्यें जे दिवस जातात, ते मालकानेंच विशेष सावधगिरीनें काढावयाचे असतात, एवढें यावरून ध्यानांत धरावें.

याच जातीचें, पण वेगळ्या शेवटाचें दुसरें उदाहरण लेक्सस जी. एक्स. ४६० या तितक्याच ऐषारामी गाडीचें आहे. १३ एप्रिल २०१० रोजीं ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या नियतकालिकानें ‘ही गाडी विकत घेऊं नका’ असा स्पष्ट इशारा दिला. वळणावर वेगाचें पेडल एकदम सोडलें असतां गाडीचा मागचा भाग बाहेर घसरतो व तोल सांवरणारी यंत्रणा उशिरां जागी होते, असें त्याच्या परीक्षकांस दिसून आलें होतें. उंच गाडी अशी आडवी घसरली तर ती उलटण्याचें भय असतें. या दोषामुळें कोणास इजा झाल्याचें त्या नियतकालिकाच्याही ऐकिवांत नव्हतें. तरीही टोयोटा कंपनीनें त्याच दिवशीं विक्री थांबविली, आठवड्याच्या आंत सुमारें ९,४०० गाड्या परत बोलाविल्या आणि पुढच्या महिन्यांत इशारा मागें घेतला गेला. नांवाजलेला परीक्षक बोलला तर एक आठवडा पुरला. सामान्य मालक बोलले तर चौकशी सुरू झाल्यापासून आठ महिने लागले. मालकाच्या शब्दास वजन कमी, हें यांतून उघड होतें. आणि तें वाढविण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे पुष्कळांनीं बोलावें व नेमकें बोलावें.

नेमकें बोलावें असें आम्ही म्हणतों, त्यास कारण आहे. न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८६ साली अमेरिकेंत ऑडी ५००० या मोटारीविरुद्ध मोठें काहूर उठलें. ब्रेक दाबला असतां गाडी उलट उसळी घेते, अशी तक्रार होती. सरकारनें सखोल तपास करून १९८९ साली असा निष्कर्ष काढला कीं, बहुतेक प्रसंगीं चालकाचा पाय ब्रेकऐवजीं वेगाच्या पेडलवर पडला होता. तोंवर कंपनीचें नुकसान होऊन चुकलें होतें. १९८५ साली अमेरिकेंत तिच्या ७४ हजार गाड्या खपल्या होत्या, त्या १९९१ पर्यंत १२ हजारांवर आल्या. मग तक्रारी खोट्या होत्या काय? कारण सांगण्यांत मालक चुकले, पण धोका सांगण्यांत चुकले नाहींत. त्या काहुरामुळें कंपनीला १९८७ मध्यें गाड्या परत बोलावून, ब्रेकवर पाय असल्याखेरीज दांडी पार्कमधून हलूंच नये, अशी अटक बसवावी लागली. अशी अटक आतां आपोआप गियर बदलणाऱ्या मोटारींत सर्रास असते. मालकानें वैद्य होऊन रोगाचें निदान करावें अशी अपेक्षाच नाहीं. दुखतें कोठें, केव्हां आणि कसें, एवढें त्यानें खरें खरें सांगावें.

आपल्याकडे या बाबतींत कायद्याचें पाठबळ अलीकडेच मिळालें. २०१२ पासून कारखानदारांच्या संघटनेची एक स्वेच्छेची नियमावली होती, पण बंधन नव्हतें. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत ११०-अ हें कलम घालण्यांत आलें, व त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून अंमलांत आले. गाडींतील दोषामुळें आंत बसणारांस किंवा रस्त्यावरील इतरांस अपाय होण्याचा संभव असेल, तर ती जात परत बोलाविण्याचा हुकूम सरकार देऊं शकतें, आणि खर्च कारखानदारानें सोसावयाचा असतो. नियम सात वर्षांच्या आंतील गाड्यांस लागू आहेत. मालकांच्या तक्रारी विक्रीच्या मानानें ठराविक संख्येस पोंचणें हा अशा कारवाईचा एक प्रमुख आधार आहे. याचा अर्थ वाचकांच्या ध्यानांत आलाच असेल: जो गृहस्थ विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर संतुष्ट होऊन गप्प बसतो, त्याची गणना सरकारदरबारीं समाधानी मालकांत होते.

म्हणून आमची सूचना अशी आहे. गाडीनें कांहीं विपरीत केलें तर त्याच दिवशीं वहींत टिपून ठेवावें: तारीख व वेळ, वेग, रस्ता सपाट होता कीं उताराचा, गाडी कोणत्या गियरांत होती, पाय कोठें होता, फलकावर कोणता दिवा लागला. दुरुस्तीगृहांत गेल्यावर तक्रार आपल्याच शब्दांत कामाच्या कागदावर लिहवून घ्यावी व त्याची प्रत जपून ठेवावी; ‘तपासलें, दोष नाहीं’ असा शेरा मिळाला तरी तोही कागद टाकूं नये. त्यानंतर कारखानदारास लेखी कळवावें आणि सरकारच्या ‘वाहन’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. आपल्या गाडीचा सांगाड्यावरील क्रमांक घेऊन ती परत बोलाविलेल्यांत आहे कीं काय, हें मधून मधून पाहत जावें. जुनी गाडी विकत घेणारांनीं तर तें खरेदीपूर्वींच पाहावें. आणि गाडी कितीही महाग व कितीही शहाणी असली तरी उतरण्यापूर्वीं हातब्रेक लावावा, फलकावरचें अक्षर वाचावें व इंजिन खरोखर थांबलें आहे याची खात्री करावी. घाटांत गाडी उभी करून चाकाखालीं दगड लावणारा आपला ट्रकवाला यंत्राविरुद्ध नसतो. तो फक्त यंत्रावर सारा हवाला टाकीत नाहीं.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, आणि कारखान्यांतही थोड्या गाड्यांवरूनच साऱ्यांची परीक्षा करितात. परंतु तेथें ती परीक्षा त्या यंत्राचे जाणकार करितात. कडेवर मूल घेऊन, पावसांत, उताराच्या दारापुढें गाडी उभी करण्याची परीक्षा पुढें घरोघरीं व्हावयाची असते, आणि तिचा निकाल कळविणारे आपणच असतों. आपली तक्रार कदाचित् आपल्या कामीं येणार नाहीं. आपली गाडी एव्हांना दुरुस्त झालेलीही असेल. पण तीच गाडी घेतलेल्या एखाद्या अनोळखी घरांतील आजोबा फाटक लावण्यासाठीं गाडीच्या मागें उभे असतील, तेव्हां ती उपयोगीं पडेल. एवढ्यासाठीं एक कागद लिहिण्याचा आळस आमच्या वाचकांनीं करूं नये, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.