फोटो चुकला तर दुसरा काढता येतो, मंडळी!

परवा संध्याकाळी फिरायला म्हणून दुधनी स्टेशनकडं गेलो होतो. स्टेशनच्या थोडं पुढं, रुळापासून हातभर अंतरावर अकरावी-बारावीतला एक पोरगा मोबाईल धरून उभा. समोरून एक्सप्रेस येत होती आणि त्याचं सगळं लक्ष स्क्रीनवर. मी ओरडलो, "ए तम्मा, मागं सर!" तो सरकला, पण मागच्या रुळाच्या दिशेनं. त्या रुळावर त्या वेळी काही नव्हतं, एवढंच नशीब.

मी चिडून त्याच्याजवळ गेलो. पण तो पाया पडायच्या बेतात आलेला बघून आवाज खाली आला. म्हटलं, दाखव काय काढलंस ते. इंजिनाच्या दिव्यामुळं अर्धी फ्रेम पांढरी आणि डबे म्हणजे नुसते निळे पट्टे. पोरगा म्हणाला, "काका, माझा मोबाईल साधा आहे, म्हणून असं येतंय."

नाही रे बाबा! मोबाईल साधा आहे म्हणून नाही. तू फार जवळ उभा होतास म्हणून.

आज हेच सांगायला लिहितोय. गाडीचा चांगला फोटो आणि जीव वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोन्हीसाठी लांबच उभं राहावं लागतं.

हिशोब करून बघा. गाडीचा वेग ताशी 100 किलोमीटर धरला तर ती सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते. शटर 1/60 सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात गाडी दीड फूट पुढं गेलेली असते. 1/1000 ठेवलं तर इंचभर. अगदी जवळून, आडवी गाडी टिपायला गेलात तर ती फ्रेममधून सपकन निघून जाते. तीच गाडी शंभरेक मीटरवरून, तिरकी, तुमच्या दिशेनं येताना टिपा. फ्रेममध्ये ती सावकाश सरकते. फोटो आपोआप स्वच्छ येतो, वर गाडीचं तोंड आणि मागची डब्यांची रांग दोन्ही मिळतात.

आपल्याकडं तर जागेला तोटाच नाही. सपाट काळी जमीन, तुरीची शेतं. संध्याकाळी पश्चिमेच्या अंगाला, शेतमालकाला विचारून बांधावर उभं राहा. ऊन तुमच्या पाठीवरून गाडीवर पडतं. उद्यान एक्सप्रेस जाऊ दे नाहीतर सिमेंटची मालगाडी, रंग उठून दिसतो. मोबाईलवर बोट दाबून फोकस आणि उजेड आधीच लॉक करा, म्हणजे हेडलाईट फ्रेम खाऊन टाकत नाही. वेग दाखवायचा असेल तर शटर 1/30 च्या आसपास ठेवा, पाय रोवा आणि कमरेतून गाडीबरोबर वळा. पहिले वीस फोटो वाया जातील. जाऊ द्यात.

फ्लॅश मात्र अजिबात नको. एवढ्या लांब तो पोचत नाही आणि जवळून मारला तर लोको पायलटचे डोळे दिपतात.

आता आपला मार्ग दुहेरी झालाय आणि वर विजेची तार आलीय. म्हणजे एका रुळावरच्या गाडीच्या आवाजात दुसऱ्या रुळावरची गाडी ऐकू येत नाही. त्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. उभ्या मालगाडीवर चढून सेल्फी काढणाऱ्याला तारेला हात लावायचीही गरज नाही. जवळ गेलं तरी वीज उडी घेते.

हीच पोरं पुढं कॉलेजला सोलापूरला जातात आणि तिथं त्यांना दुसरं वेड लागतं. बंद पडलेल्या इमारती, अंधारी दालनं, गंजलेली यंत्रं. ते वेड मला कळतं. सोलापूर हे गिरण्यांचं गाव. जुनी मिल 1877 ची. भोंग्यावर घरातलं घड्याळ लावायची ती पिढी आता थकली. ते सगळं टिपून ठेवायलाच हवं. पण मी स्वतः एकदा एका बंद कारखान्यात काळोखात पुढं गेलो आणि पायाखालची फळी मोडली. मांडीपर्यंत आत गेलो. सोबत मित्र होता म्हणून आज लिहितोय.

तिथंही नियम तोच, घाई नको. आधी परवानगी, दिवसाउजेडी एक फेरी, सोबत माणूस. मग कॅमेरा तिपाईवर, नसेल तर विटेवर ठेवा. आयएसओ कमी, शटर दहा-वीस सेकंद उघडं, दोन सेकंदांचा टायमर. खिडकीतून येणारा उजेड पुरतो. फ्लॅश मारलात तर हवेतली धूळच तेवढी चमकते.

अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक नावाच्या फोटोग्राफरनं 1950 च्या दशकात रात्रीच्या अंधारात वाफेच्या गाड्या टिपल्या. ते फोटो आजही लोक बघतात. त्यानं ते रेल्वे कंपनीला विश्वासात घेऊन, दिवे आधी मांडून, तासन्‌तास तयारी करून काढले होते.

आता थोडं कारभाऱ्यांना. विनापरवाना रुळावर जाणं रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पण पोरांना नुसतं हाकलून काय होतं? ती एक किलोमीटर पुढं जातात, जिथं बघणारं कुणीच नसतं. त्यापेक्षा कुठं उभं राहून फोटो काढता येईल, कशाला परवानगी लागते, याचा एक फलक स्टेशनवर लावा. मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण आपली पोरं दोन्ही वाचतात. 19 ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो. त्या दिवशी शाळा, रेल्वे आणि नगरपरिषद मिळून दोन तासांचा वर्ग घेऊ शकत नाहीत का? खर्च काय, तर चहाचा. सोलापुरातल्या बंद गिरण्यांच्या मालकांनी आणि महापालिकेनंही वर्षातून एक दिवस, माहितगार माणसासोबत, दार उघडावं.

त्या पोराला मी शेताच्या बांधावर नेलं. पुढच्या गाडीसाठी पाऊण तास थांबलो. सूर्य टेकला होता, गाडी वळली, त्यानं फोटो काढला. त्याच साध्या मोबाईलवर. इंजिनाचा नंबरसुद्धा वाचता येत होता. पोरगा हसला आणि म्हणाला, "काका, उद्या पण येणार का?"

जाणार आहे. तुमच्या घरात असा कुणी वेडा असेल तर त्याला मोबाईल ठेव म्हणू नका. त्याच्यासोबत एक संध्याकाळ बांधावर जाऊन उभे राहा.

पटलं तर पुढं पाठवा.