महिन्याचे फूल की फुलाचा महिना?

हल्ली आपल्या कॉलेजात एक नवी टूम निघाली आहे. कोणाचा वाढदिवस आला की त्याच्या जन्ममहिन्याचे फूल शोधायचे, त्याचा अर्थ वाचायचा आणि तो त्याच्या स्वभावाला चिकटवायचा! जानेवारीचे कार्नेशन आणि स्नोड्रॉप, जूनचा गुलाब, ऑक्टोबरचे मॅरिगोल्ड, नोव्हेंबरची शेवंती. यादी मोठी मोहक आहे. पण ती आपण जशीच्या तशी उचलावी काय, असा प्रश्न मला पडतो.

ही यादी इंग्लंड-अमेरिकेत रूढ झाली आणि तिथल्या मातीत ती शोभतेही. हिवाळा सरता सरता बर्फातून डोके वर काढणारे स्नोड्रॉप तिथल्या माणसाला आशेचे प्रतीक वाटले, तर नवल ते काय? फुलांना अर्थ जोडण्याचा छंदही तिकडे जुना आहे. १८१९ साली पॅरिसमध्ये शार्लोत द लातूर या टोपणनावाने फुलांच्या भाषेवर पुस्तक निघाले. १८८४ मध्ये केट ग्रीनअवे या चित्रकर्तीचे त्याच विषयावरचे पुस्तक लंडनला प्रसिद्ध झाले. त्यात आफ्रिकन मॅरिगोल्डचा अर्थ काय दिला आहे? असंस्कृत मन! आणि हे आफ्रिकन मॅरिगोल्ड म्हणजे आपला दसऱ्याचा टपोरा झेंडू.

नाव आफ्रिकन असले तरी हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे. तिथे १ व २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाचा सण असतो. झेंडूच्या रंगाने नि वासाने पितरांना घरची वाट सापडते, अशी तिथली श्रद्धा. फूल एकच, लंडनला ते असंस्कृत ठरले, मेक्सिकोत वाटाड्या झाले आणि आपल्या दारी तोरण झाले. जसे अंगण, तसा अर्थ.

आम्ही जुन्नर तालुक्यातले शेतकरी. आमच्याकडे झेंडूच्या अर्थापेक्षा त्याचा उपयोग मोठा. टोमॅटोच्या कडेने लावला की फळ पोखरणारी अळी त्याच्याकडे ओढली जाते, त्याच्या मुळांमुळे जमिनीतले सूत्रकृमी कमी होतात आणि दसऱ्याला चार पैसे हाती येतात. भाव पडला तर तोडणीची मजुरीही सुटत नाही, ही गोष्ट निराळी.

पण माझी खरी अडचण पुढेच आहे. जन्ममहिन्याचे फूल शोधायला आधी जन्ममहिना तर ठाऊक हवा! माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, आईच्याही १ जून, दोन्ही चुलत्यांचीही १ जूनच. शाळा जूनमध्ये भरे, वयाचा कागद कोणाकडे नसे, म्हणून गुरुजी ती तारीख टाकून मोकळे होत. यादीप्रमाणे आमचे अवघे घर गुलाबाचे!

आजीला विचारले तर ती वेगळेच सांगते. "तुझा बाप झाला तवा पळस फुलला व्हता." म्हणजे माघ-फाल्गुन. धाकटे चुलते झाले त्या साली डोंगरावर कारवी फुलली होती. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच, पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलते. तेव्हा महिनाच काय, सालही ताडता येते. तिकडे महिन्यावरून फूल काढतात; माझी निरक्षर आजी फुलावरून महिना काढते. आईच्या जन्माची खूण सांगणारी तिची आई मात्र आता हयात नाही. आईचे फूल कोणते, हे आता कोणालाच कळणार नाही.

म्हणून मला त्या यादीचा राग नाही. त्या लोकांनी आपल्या बागेकडे पाहिले आणि पाहिले ते लिहून ठेवले, हे त्यांचे शहाणपण. स्नोड्रॉपची काळजी घ्यायला पुस्तके आहेत. पळस आणि कारवीच्या खुणा मात्र आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच आहेत आणि ती माणसे आपल्यासाठी थांबणार नाहीत.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, येत्या सुटीत घरच्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा, की तुम्ही जन्मलात तेव्हा रानात काय फुलले होते? आणि आम्ही जन्मलो तेव्हा? मिळेल ते उत्तर वहीत लिहून ठेवा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्यासारखे इथे पुष्कळ आहेत. शिकून आपण पुढे काय काय लिहू ते लिहू, पण सुरुवात इथून करायला काय हरकत आहे?