दगड झालेली झाडे

भेडाघाटचा धुवांधार धबधबा पाहून एखादे दांपत्य मोटारीने दिंडोरी जिल्ह्यातील घुघुआ येथे जाते. तेथे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ताडवर्गीय वृक्षांची खोडे दगड होऊन पडली आहेत. पाण्यातील खनिजे कणाकणाने लाकडात मुरली. लाकूड गेले, त्याची ठेवण तेवढी राहिली. आठवण म्हणून त्यातील तुकडा खिशात घालण्याचा मोह पतीला झाला, तर पत्नीने त्याचा हात धरावा, हेच योग्य. नर्मदेचे ओंजळभर पाणी घेतल्याने धुवांधार उणा होत नाही. अश्माचे तसे नाही. तो कोणत्या थरात, कोणत्या फळाशेजारी सापडला, यावरूनच त्या काळचे अरण्य अभ्यासकांना उमगते. घरच्या कपाटात तो नुसता धोंडा! छायाचित्र मात्र खुशाल घ्यावे.