पासवर्ड नव्हे, परवानगी
मोबाइलमधल्या गूगल खात्यावरून एखाद्या तिऱ्हाईत अ‍ॅपमध्ये शिरताना आपण पासवर्ड टाकत नाही, आणि तो त्या अ‍ॅपच्या सर्व्हरपर्यंत पोहोचतही नाही. ही फार मोलाची सोय आहे. पूर्वी मेलमधले संपर्क हवेत म्हणून अनोळखी संकेतस्थळं सरळ मेलचा पासवर्डच मागायची आणि लोक तो देऊनही टाकायचे. २०१२ साली प्रमाणित झालेल्या ‘ओऑथ २.०’ पद्धतीत गूगल त्या अ‍ॅपच्या हाती फक्त टोकन म्हणजे एक डिजिटल परवाना ठेवतं, ठरावीक कामापुरतं, हवं तेव्हा रद्द करता येणारं. पण टोकनही चोरीला जातं. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकच्या ‘व्ह्यू अ‍ॅज’ सुविधेतल्या त्रुटींमुळे सुमारे ३ कोटी खात्यांची टोकनं चोरांच्या हाती लागली. एकही पासवर्ड ठाऊक नसताना त्यांनी लोकांची माहिती काढून घेतली. टोकन कुणाच्याही हाती पडलं, तरी त्याने तेवढंच करता येतं, जेवढी मुभा आपण दिलेली असते. म्हणूनच अ‍ॅपमध्ये शिरताना समोर येणारं ते परवानगीचं पान मला महत्त्वाचं वाटतं, जे आपण न वाचताच ‘अनुमती द्या’ दाबून मोकळे होतो. नाव आणि ईमेल पत्ता मागितला तर समजू शकतं. पण फोटो उजळून देणाऱ्या अ‍ॅपला तुमच्या ड्राइव्हमधली प्रत्येक फाइल वाचायची, बदलायची, पुसायची मुभा कशाला हवी? तिथे सरळ नकार द्यावा. आणि हो, अ‍ॅप मोबाइलवरून काढून टाकलं म्हणजे दिलेली परवानगी संपली, असं नाही. ती गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात, थर्ड पार्टी अ‍ॅपच्या यादीत जाऊन वेगळी काढावी लागते.